माढ्याचा सर्च

सीआयडी बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला इन्व्हेस्टिगेटर म्हटलं की दरवाजा तोडणारा दया आठवतो. वकिलांच्या फर्ममधला इन्व्हेस्टिगेटर दरवाजे तोडत नाही. तो रेकॉर्ड रूमच्या बाहेर बाकावर बसतो, आत गेल्यावर धूळ खातो आणि संध्याकाळी दोन पानांचं टिपण घेऊन परत येतो. माझा शाळेतला एक मित्र पुण्यातल्या एका लॉ फर्मसाठी हेच काम करतो. (नाव लिहायचं नाही या अटीवर त्याने सगळं सांगितलंय. त्याच्या कामातलं उदाहरण खाली येईल तिथे तपशीलही मी बदललेत.) कार्डावर 'असोसिएट' छापलंय, पण ऑफिसात सगळे त्याला 'सर्चवाला' म्हणतात. कुणाला जमीन घ्यायची असली, किंवा बँक जमिनीवर कर्ज देणार असली, की विकणारा खरंच मालक आहे का हे शोधून काढायचं, हा त्याचा धंदा.

गेल्या वर्षभरात त्याच्या माढ्याला बऱ्याच फेऱ्या झाल्या. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे एसटी किंवा वडाप. त्याच्या गप्पा ऐकताना मला कामापेक्षा कामामागचा इतिहास जास्त आवडला, म्हणून हा वीकांत त्यावर.

माझा पहिला प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. सातबारा आता जालावर दोन मिनिटांत निघतो, मग माढ्याला जायचं कशाला? तो म्हणाला, "अरे, तू प्रॉडक्शनमधला बग नुसता स्क्रीन बघून शोधतोस का? लॉग बघतोस ना?"

उपमा चपखल आहे. सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. ती कशी झाली हे फेरफाराच्या वहीत असतं, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. कोण मेलं, कोण वारस लागलं, कुणी विकली, कुणी बोजा चढवला, प्रत्येक बदलाची एक क्रमांकित नोंद. सातबाऱ्यावर गोलात फेरफारांचे नंबर असतात, ते एकेक करून मागे चालत जायचं. तलाठ्याने (आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी') नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, १५ दिवस हरकतीची वाट बघायची आणि मग मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. मित्र आधी वारसाच्या नोंदी वाचतो. एखादा माणूस १९८० च्या दशकात वारला आणि वारस म्हणून फक्त तीन मुलगे लागले असतील, तर हा गावात जाऊन कुणातरी काकांना साळसूदपणे विचारतो, "अण्णांना बहिणी किती हो?" बहुतेक वेळा उत्तर शून्य नसतं. एक बार्शीकडे दिलेली असते, एक करमाळ्याकडे. बापाच्या हिश्श्यात मुलीला वारसाहक्क १९५६ च्या कायद्यापासूनच आहे, २००५ ची दुरुस्ती तर फार नंतरची. पण वर्दी मोठ्या भावाने दिली आणि बहिणींची नावं त्याने सांगितलीच नाहीत. कुठल्याही इंडेक्समध्ये ही गोष्ट सापडत नाही, कारण ती कधी लिहिलीच गेली नाही.

सातबारा झाला की दुय्यम निबंधकाकडे. तिथे 'इंडेक्स टू' बघायचा. मला या नावाचं फार कौतुक वाटलं, कारण तो अक्षरशः डेटाबेस इंडेक्स आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात तो आहे. इंडेक्स वन माणसांच्या नावावर, इंडेक्स टू मिळकतीवर. जमिनीच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याचे इंडेक्स फी भरून कुणीही बघू शकतो, मालक असण्याची गरज नाही. (इच्छापत्रांचं पुस्तक मात्र असं कुणालाही उघडून मिळत नाही.) २००२ च्या सुमारास 'सरिता' नावाची संगणक प्रणाली आली, त्याच्या अलीकडचं सोपं. पलीकडे हाताने लिहिलेल्या वह्या, दरवर्षीची वेगळी. मागायची, पान पान उलटायचं, गावाचं नाव दिसलं की थांबायचं.

किती मागे जायचं? रिवाज ३० वर्षांचा. मला हा आकडा कुणीतरी हवेतून काढला असेल असं वाटलं होतं. तसं नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे गहाण टाकलेली जमीन सोडवून घ्यायला ३० वर्षं मिळतात, म्हणजे तेवढ्या मागचं गहाण अजून जिवंत असू शकतं. त्याआधीच्या १९०८ च्या कायद्यात हीच मुदत ६० वर्षं होती. आपल्या आज्यांच्या काळातल्या सर्चवाल्याची काय अवस्था होत असेल!

माढ्यात त्यात दोन गुंते आणखी. पहिला महाराष्ट्रभरचाच. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव योजना राबवली गेली, विखुरलेले तुकडे एकत्र करून सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. आपल्या भाषेत प्रायमरी की बदलली. जुन्या-नव्याचं कोष्टक भूमी अभिलेखच्या कचेरीत असतं, ते जुळवल्याशिवाय मागे जाता येत नाही. दुसरा गुंता उजनीचा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि ज्या उजनी गावाचं नाव त्याला आहे ते माढा तालुक्यातलंच. पाण्याखाली गेलेल्यांना लाभक्षेत्रात जमीन द्यायची म्हणून पुनर्वसनाच्या कायद्यांनी (पहिला १९७६ चा) लाभक्षेत्रातल्या जमिनींच्या हस्तांतरावर बंधनं घातली. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तसा शेरा असतो. तो दिसला की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे सरकायचं नाही. याच रकान्यात कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा असं सगळं कोंबलेलं असतं. मित्र म्हणतो सातबारा उजवीकडून वाचावा, मालकाचं नाव शेवटी. (कूळकायद्यावर वेगळा लेख होईल, इथे नको.)

इथपर्यंतचं काम चिकाटीचं आहे, पण शेवटी कागदावरून कागद जुळवण्याचंच. खरी गोची वेगळी आहे. सगळे कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि तरीही खोटं बोलतात, असं होऊ शकतं का? हो. आणि माढा ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथे यावर दीडशे वर्षांपूर्वीच एक विलक्षण कायदा लागू झाला होता. मित्राला तो कॉलेजात कुणी शिकवला नव्हता, मी त्याला सांगितला. तेवढाच माझा वाटा. :)

तर गोष्ट १८५९ पासून सुरू होते. त्या वर्षी मुदतीचा नवा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर सावकाराला तीन वर्षांत दावा लावायचा, नाहीतर हक्क गेला. हेतू चांगला होता. जुनी कर्जं पिढ्यानपिढ्या लोंबकळत राहू नयेत. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार शेतकऱ्याला बोलवायचा, व्याज मुद्दलात मिळवायचा आणि नवा रोखा करून घ्यायचा.

हे मी एक्सेलमध्ये घालून बघितलं. १०० रुपये कर्ज, शेकडा २ दरमहा व्याज, शेतकऱ्याने मध्ये काहीच दिलं नाही असं धरू. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ चा. सहाव्या वर्षी २९५ चा. नवव्या वर्षी ५०८. बाराव्या वर्षी ८७५. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. म्हणजे १०० चे फार तर २०० व्हायला हवेत. पण रोखा नवा झाला की मुद्दलच नवं. दामदुपटीचा काउंटर दर तीन वर्षांनी शून्यावर! आणि कोर्टात सावकार आणतो तो फक्त शेवटचा रोखा. त्यावर लिहिलेलं असतं की ८७५ रुपये रोख मिळाले, खाली शेतकऱ्याचा अंगठा किंवा नांगराची निशाणी, दोन साक्षीदार. कागद शंभर टक्के शुद्ध. प्रतिवादी बहुतेक वेळा हजरच नसायचा, एकतर्फी हुकूमनामा आणि जमीन गेली.

बाकीचं शाळेत वाचलेलं आठवत असेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला भाव आला, उधारी सैल झाली, मग भाव पडले. त्यातच तीस वर्षांची जुनी सारापट्टी संपून नवी वाढीव पट्टी येऊ लागली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर हल्ला केला आणि दंगे पसरत गेले. मुख्य झळ पुणे आणि नगर जिल्ह्यांना बसली. यातली एक गोष्ट मला नेहमी चकित करते. लोक प्रामुख्याने कागदांच्या मागे होते. रोखे, वह्या, हुकूमनामे ओढून काढायचे आणि जाळायचे. सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले तर मारहाण बहुधा होत नसे. निरक्षर माणसांना नेमकं कळलं होतं की डेटा कुठे ठेवलाय.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७६ ते ७८ चा भयानक दुष्काळ मध्ये आला, सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. आणि १८७९ साली डेक्कन ऍग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ऍक्ट झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांसाठी.

या कायद्याचं १२ वं कलम मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. प्रतिवादी शेतकरी असेल आणि रक्कम वादात असेल, तर न्यायाधीशाने समोरच्या रोख्यावर थांबायचंच नाही. दोघांमधला व्यवहार जिथून सुरू झाला तिथपासूनचा सगळा इतिहास काढायचा. फसवणूक, चूक, दडपण यातलं काही आहे का ते बघायचं आणि हिशोब नव्याने मांडायचा. शेतकऱ्याने "हो, एवढं देणं लागतो" असं कबूल केलं तरी ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क समजून दिली आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटायला हवी. १३ व्या कलमात हिशोबाची रीत. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, मुद्दलात घुसवलेलं व्याज उपसून बाहेर काढायचं. १८५९ पासूनचं सगळं चक्र या एका कलमाने उलटं फिरवलं. विचार करा, करार हा करार असं मानणाऱ्या इंग्रजी कायद्याच्या जमान्यात कोर्टालाच सांगितलं की सही केलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका, मागचा लॉग काढा.

बाकीच्या तरतुदीही मजेशीर आहेत. शेतकऱ्याचा रोखा व्हिलेज रजिस्ट्रारसमोरच व्हायचा, त्याने तो वाचून दाखवायचा आणि मगच निशाणी घ्यायची. शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची पावती मागण्याचा हक्क, सालाचा हिशोब मागण्याचा हक्क, चक्क पासबुक मागण्याचा हक्क. आणि १०० रुपयांपर्यंतच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी वकील आणायचाच नाही! (मित्राला हे कलम सांगितल्यावर तो थोडा गंभीर झाला.)

या चार जिल्ह्यांतल्या कोर्टांचं काम तपासायला एक स्पेशल जज्ज असे. महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये हायकोर्टात गेले, त्याआधी ते या पदावर होते. आपण रानड्यांना प्रार्थना समाज, सामाजिक परिषद अशा मोठ्या गोष्टींसाठी ओळखतो. पण त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं गावोगाव मुक्काम करत दुय्यम कोर्टांची दप्तरं तपासण्यात गेली. कुणाचं मुद्दल किती, व्याज किती, न्यायाधीशाने मागचा हिशोब खरंच काढला की नुसता शेरा मारला, हे बघत. माझ्या मते मित्राच्या धंद्यातला सगळ्यात थोर पूर्वज हाच.

मग सावकारांनी काय केलं? सिस्टीममध्ये बदल केला की युजर पळवाट शोधणार. रोखा आणि गहाणखत करायचंच नाही, सरळ खरेदीखत करायचं. "पैसे दिलेस की जमीन परत लिहून देतो" हे तोंडी. खरेदी म्हटल्यावर कर्जच नाही, मग व्याजाचा इतिहास कसला काढणार? आणि लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा नियम. यावर १९०७ साली १०-अ हे कलम घातलं गेलं. कागदावर खरेदी दिसत असली तरी ते मुळात कर्ज होतं, हे शेतकऱ्याला तोंडी पुराव्यानेही दाखवता येईल. पुढे १९४० च्या दशकात नवे कर्जनिवारणाचे कायदे आले आणि हा कायदा इतिहासजमा झाला.

आपण जो सातबारा म्हणतो त्याचं मूळही याच काळातलं. इंग्रजांच्या मोजणीने जमिनीला नंबर दिले, पण त्या दप्तरात नाव असायचं सारा भरणाऱ्या खातेदाराचं. खरा हक्क कुणाचा, गहाण कुणाकडे, हे त्यात नव्हतं. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. १९६६ च्या महसूल संहितेतही हक्कनोंदीबद्दल एवढंच म्हटलंय की उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरावी. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द लोक विसरतात.

आता मित्राच्या कामातली एक केस. माढा तालुक्यातली चार एकर बागायत. सातबाऱ्यावर एकच नाव, तालुक्याच्या गावातला एक व्यापारी. २०१७ चं नोंदणीकृत खरेदीखत, फेरफार प्रमाणित, हरकत नाही. वारस, बोजा, कूळ, पुनर्वसन, सगळं कोरं. ३० वर्षांचा सर्च 'निल'. टेबलावर बसून रिपोर्ट द्यायचा असता तर एका दिवसाचं काम. पण हा जागेवर गेला. तिथे एक म्हातारे गृहस्थ पाणी देत होते. गोठा होता, दोन म्हशी होत्या. हा म्हणाला, "आजोबा, वाटेकरी का तुम्ही?" ते म्हणाले, "वाटेकरी कशाचे? रान आमीच करताव की. नाव तेवढं त्यांचं हाय." मोटारीच्या पेटीजवळ खोचलेलं लाइट बिल त्याने बघितलं. खरेदी होऊन इतकी वर्षं झाली तरी कनेक्शन आजोबांच्याच नावावर. मग चहा, मग सगळी कहाणी. मुलीचं लग्न, कोरडी गेलेली बोअर, तीन लाख. पैसे फेडले की परत करून देतो, असं तोंडी.

हे ऐकून घेणं म्हणजे मित्राचा भाबडेपणा नाही, कामाचा भाग आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात १९२९ साली एक स्पष्टीकरण घातलं गेलंय. जमिनीवर प्रत्यक्ष ताबा ज्याचा आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो विकत घेणाऱ्याला माहीत होता असंच धरलं जातं. 'आम्ही विचारलंच नाही' हा बचाव होत नाही. शिवाय २०१४ पासून महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे सावकारीतून गेलेल्या जमिनीबद्दल अर्ज आला, तर जिल्हा उपनिबंधक मागच्या १५ वर्षांतला व्यवहार उघडून तपासू शकतो. तो मुळात कर्जाचा होता असं निघालं तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. १०-अ पुन्हा जन्माला आलं म्हणायचं, फक्त या वेळी कोर्टाऐवजी सहकार खात्यात.

मित्राने रिपोर्टमध्ये चार ओळी लिहिल्या. ताबा विक्रेत्याकडे दिसत नाही, वीजजोडणी आधीच्या मालकाच्या नावे, व्यवहाराच्या स्वरूपाबद्दल शंका, खरेदी करू नये. क्लायंटने माघार घेतली. त्याचे पैसे वाचले, फर्मला फी मिळाली.

मला वेगळाच प्रश्न पडला. १८७९ च्या कायद्यात इतिहास काढायचा तो शेतकऱ्यासाठी, आणि काढणारा न्यायाधीश. इथे तोच इतिहास निघाला विकत घेणाऱ्यासाठी, त्याच्या पैशाने, आणि एका बंद फाइलमध्ये गेला. मी विचारलं, "आजोबांना १८ वं कलम सांगितलंस का?"

"तू तुझ्या क्लायंटचा डेटा बाहेर सांगतोस का?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "अर्ज कुठे करायचा असतो एवढं सांगितलं. ते काय गुपित नाही, कायदा छापलेला आहे."

२०१७ अधिक १५ म्हणजे २०३२. अर्ज झाला की नाही ते त्यालाही माहीत नाही. तो अधूनमधून जालावर तो सातबारा काढून बघतो. परवापर्यंत नाव तेच होतं.